गुरूच्या वाटेवरची धूळ

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



मुख्याध्यापिकेने अशा प्रसंगी शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने घेतला आहे. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून या सभागृहापर्यंतचा प्रवास त्यांनी डोळ्यांपुढे उभा केला. मी आज निराळ्या विषयावर बोलणार आहे आणि त्याचे कारण वैयक्तिक आहे. या शाळेतील एका विद्यार्थिनीचे एक उत्तर गेली तेवीस वर्षे माझ्याकडे थकलेले आहे. निवृत्तीपूर्वी ते चुकते करावे, एवढाच आजचा हेतू. मी मराठी आणि संस्कृतची शिक्षिका. खगोलशास्त्र माझा विषय नव्हे. म्हणून जे वाचून, विचारून, पुन्हा पुन्हा ताडून पाहिले, तेवढेच सांगेन.

आरंभ आपल्या साठ वर्षांपासूनच करते. शाळा सुरू झाली १९६६ साली, शके १८८८ मध्ये. त्या संवत्सराचे नाव पराभव. आज शके १९४८ आहे आणि संवत्सर पुन्हा पराभवच आहे. या नावाच्या वर्षी शाळा काढताना आपले संस्थापक कचरले नाहीत. त्यांना संवत्सराच्या नावापेक्षा जूनमधील प्रवेशांची काळजी अधिक असावी! पण हे साठ वर्षांचे चक्र आले कोठून? ते आले गुरूपासून. गुरू एक राशी साधारण एका वर्षात ओलांडतो आणि बारा राशींची फेरी ११.८६ वर्षांत पुरी करतो. त्याच्या पाच फेऱ्या म्हणजे साठाला थोडी कमी वर्षे. शनीच्या दोन फेऱ्याही जवळजवळ तेवढ्याच. म्हणूनच या चक्राला बार्हस्पत्य म्हणतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात याचा सविस्तर ऊहापोह केला आहे. दीक्षित आयुष्यभर शिक्षकी पेशात होते, हे मी अभिमानाने सांगते. तेव्हा आपला हीरक महोत्सव म्हणजे गुरूच्या सूर्याभोवतीच्या पाच प्रदक्षिणा.

आता या गुरूशी माझी ओळख कशी झाली, ते सांगते. माझे आजोळ कुंभकोणमचे. तुमच्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसेल, कारण माझ्या मराठीतून ते आता डोकावत नाही. माझ्या आईच्या मराठीतून मात्र डोकावत असे आणि नाशिकच्या सासरी त्याची थट्टाही होई. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांची गादी स्थापन केली. त्या राज्याच्या आश्रयाने जी मराठी घराणी कावेरीकाठी स्थिरावली, ती राज्य गेल्यावरही तेथेच राहिली, घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलत राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे त्याच समाजातले, १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मलेले. गणिती रामानुजन शिकले तेही याच गावात. इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने तेथील महाविद्यालयात त्यांची शिष्यवृत्ती गेली. ही गोष्ट मी आमच्या शिक्षक-सभेत दरवर्षी एकदा तरी सांगते, आणि सांगताना मला ती स्वतःलाच बोचते. का, ते पुढे येईल.

कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची नऊ देवळे आहेत. त्यांपैकी आलंगुडी हे गुरूचे स्थान. गुरूने राशी बदलली की तेथे रीघ लागते. पिवळे वस्त्र, हरभऱ्यांची माळ, तुपाचे दिवे. आणि गावाच्या मध्यभागी आहे महामहम तीर्थ. त्या विस्तीर्ण तलावाच्या चारी काठांवर गोविंद दीक्षित या नायक राजांच्या मंत्र्याने सोळा मंडप उभारले. गुरू सिंह राशीत असताना मासी महिन्यात चंद्र मघा नक्षत्री आला की तेथे स्नानाची पर्वणी असते. नाशिककरांना हे ऐकून नवल वाटू नये. आपला सिंहस्थही गुरू सिंहेत आल्यावरच भरतो. आपली गोदावरी आणि आईची कावेरी, दोन्हीकडच्या यात्रा एकाच ग्रहाच्या चालीने ठरतात. या वर्षाच्या अखेरीस गुरू सिंहेत शिरेल. २०२७ मध्ये आपल्याकडे पर्वस्नाने, २०२८ मध्ये कुंभकोणमला महामहम.

१९८० च्या महामहमला मी दहा वर्षांची होते आणि आजोळी होते. गर्दीत मुलांना न्यायचे नाही, असा आजीचा दंडक होता. म्हणून सायंकाळी आम्ही भावंडे आजोबांसमवेत गच्चीवर बसलो. पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र वर आला. त्याच्या आसपास ठळक पांढरा गुरू, तांबूस मंगळ आणि मघा तारा असे तिघे होते. त्या वर्षी गुरू आणि मंगळ दोघेही सिंहेत होते. आजोबांनी बोट करून ते दाखविले. खाली रस्त्यावर माणसांच्या हातांतील दिवे आणि कंदील यांचा अखंड प्रवाह चालला होता. माणसे ओळखू येत नव्हती, दिवे मात्र दिसत होते. त्या प्रवाहात एक काळा गोल हळूहळू पुढे सरकत होता. आजोबा म्हणाले, “तो बघ, तिथे हत्ती आहे.” मी म्हटले, “आजोबा, तिथे तर काहीच नाही.” ते म्हणाले, “काहीच नाही ना, म्हणूनच.” थोड्या वेळाने तो काळा गोल कोपऱ्यावरील विजेच्या खांबाखाली आला आणि त्यातून खरोखरच देवळाचा हत्ती प्रकटला. लोक त्याच्यापासून अंतर राखून चालत होते, एवढेच.

ही गोष्ट येथेच संपत नाही. दुसऱ्या दिवशी तशीच एक काळी जागा दिसली आणि आम्ही मुलांनी ‘हत्ती, हत्ती’ म्हणून गलका केला. ती जागा पुढे सरकत नव्हती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. सकाळी पाहिले तर तेथे चिखल होता आणि भोवती दोरी बांधलेली होती.

आता २००३ सालात या. आपल्याकडे सिंहस्थ होता. आठवीचा भूगोलाचा तास होता, शिक्षक रजेवर होते आणि बदली तासावर मी गेले होते. सूर्यमालेचे चित्र फळ्यावर टांगलेले होते. मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये एवढी जागा आहे, मग तिथे ग्रह का नाही झाला? नुसते दगडच का राहिले?” मी म्हणाले, “ते अभ्यासक्रमात नाही. खाली बस.” मला उत्तर येत नव्हते, हे तिला सांगणे मला जड गेले. ती बसली. पुढे दोन वर्षे ती शाळेत होती. चांगली विद्यार्थिनी होती. तिने माझ्या तासाला पुन्हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

डॉ. जयंत नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला जात, तेव्हा ते त्यांना एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत आणि त्याचे उत्तर स्वतः देत. मला त्या दिवशी एवढेच म्हणता आले असते की, बाळ, एक पोस्टकार्ड आण. पोस्टकार्ड तेव्हा पन्नास पैशांना मिळत होते. असो.

तिच्या प्रश्नाच्या उत्तराकडे जाण्याचा मार्ग दूरच्या ताऱ्यांवरून जातो. तारा जन्माला येतो तेव्हा त्याच्याभोवती वायू आणि धूळ यांची एक चपटी तबकडी फिरत असते. वजनाने पाहिले तर त्यात धुळीचा वाटा शंभरात सुमारे एक, बाकीचा सारा वायू. ही धूळ आपल्या अंगणातल्या मातीसारखी नसते. चुलीच्या धुरातील काजळीइतके बारीक कण आरंभी असतात. ते एकमेकांना चिकटत, वाळूएवढे, खड्यांएवढे होतात. त्यांतूनच पुढे ग्रह घडतात. ही तबकडी फार काळ टिकत नाही. काही दशलक्ष वर्षांत तिच्यातील वायू निघून जातो. आकाशाच्या हिशोबात हा काळ अगदीच थोडा. ज्या ग्रहाला गुरूसारखे वायूचे पांघरूण घ्यायचे आहे, त्याने एवढ्या अवधीतच मोठे झाले पाहिजे.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अशा एका तबकडीचे चित्र प्रसिद्ध झाले आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ थक्क झाले. ताऱ्याचे नाव एचएल टॉरी. आकाशात तो वृषभ राशीत, रोहिणीच्या अगदी शेजारी आहे. अर्थात रोहिणीच्या कितीतरी पलीकडे, सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर. हे चित्र आल्मा या दुर्बिणीने घेतले. चिलीतील अटाकामा वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंचीवर, ६६ अँटेना एकत्र जोडून ती उभारलेली आहे. आपल्या शाळेच्या सहली नारायणगावजवळच्या खोडदला जातात. तेथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना अशाच एकमेकींशी जोडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. तत्त्व तेच. खोडदची दुर्बीण लांब रेडिओ लहरी टिपते, आल्मा मिलिमीटरच्या आसपासच्या, म्हणजे थंड धुळीकडून येणाऱ्या लहरी टिपते. त्या चित्रात तबकडी सलग नव्हती. तेजस्वी वलय, मग काळा पट्टा, पुन्हा वलय, पुन्हा पट्टा, जणू कोणी कंगव्याने रेघा ओढाव्यात तशी. ताऱ्याचे वय जेमतेम दहा लाख वर्षे. एवढ्या लवकर ही आखणी कोणी केली?

मला आजोबांचा हत्ती आठवला. त्या काळ्या पट्ट्यांत ग्रह असावेत, असे अनेकांनी मानले. ग्रह स्वतः दिसत नाही, त्याने रिकामी केलेली वाट मात्र दिसते.

परंतु येथे एक शंका येते आणि ती नववीतल्या कोणत्याही मुलाला यावी. गुरुत्वाकर्षण ओढते, ढकलत नाही. मग ग्रहाच्या वाटेवरचे द्रव्य त्याच्याकडे खेचले जाण्याऐवजी बाजूला का सरते? काही द्रव्य ग्रह गिळतो, हे खरे. पण मोठे कारण वेगळे आहे. ताऱ्याच्या जवळची वस्तू वेगाने फिरते, दूरची सावकाश. ग्रहाच्या आतल्या बाजूचा वायू त्याला मागे टाकून पुढे निघतो. ग्रह त्याला मागे ओढतो. ओढल्याने त्या वायूची गती हरवते आणि तो ताऱ्याच्या दिशेने आणखी आत घसरतो. बाहेरच्या बाजूचा वायू ग्रहाच्या मागे पडतो. ग्रह त्याला पुढे ओढतो, त्याला गती मिळते आणि तो आणखी बाहेर जातो. ओढ एकच, पण एका बाजूचे द्रव्य आत जाते, दुसऱ्या बाजूचे बाहेर, आणि मध्ये वाट मोकळी होते. हत्तीपासून माणसे भयाने दूर राहतात. येथे भयाचा प्रश्न नाही, हिशोबाचा आहे. दृष्टान्त कोठवर ताणायचा, हे भाषेच्या शिक्षिकेने तरी ओळखले पाहिजे.

धुळीचे वागणे याहून मनोरंजक आहे. तबकडीतील वायूला आतून बाहेरच्या दिशेने दाबाचा थोडा आधार असतो, म्हणून तो किंचित सावकाश फिरतो. खड्यांना तो आधार नाही. ते पूर्ण वेगाने फिरू पाहतात आणि त्यांना सतत समोरून वारा लागतो, सायकलवरून जाताना लागतो तसा. त्या वाऱ्याने त्यांची गती कमी होत जाते आणि ते ताऱ्याकडे सरकू लागतात. गणित असे सांगते की, पृथ्वीच्या कक्षेवरील मीटरभर आकाराचा धोंडा अवघ्या शंभरेक वर्षांत सूर्यात जाऊन पडेल. तसे असेल तर ग्रह घडायला सामग्री उरावीच कशी? हा प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक दशके छळत होता.

मोठ्या ग्रहाने वाट मोकळी केली की तिच्या बाहेरच्या कडेशी वायूचा दाब वाढतो. तेथे समोरचा वारा थांबतो आणि बाहेरून सरकत येणारे खडे त्या कडेपाशी अडतात. आमच्या आजोळच्या घरामागे एक कालवा होता. त्याच्या दारापाशी जलपर्णी साचलेली असे आणि पाणी मात्र तिच्याखालून शेतांकडे निघून जाई. आपल्या गोदेच्या पुलांपाशीही हे दृश्य तुम्ही पाहता. तसेच येथे. वायू थोडाफार आत झिरपतो, सूक्ष्म धूळ त्याच्याबरोबर जाते, खडे मात्र बाहेरच राहतात. त्यांचे दाट वलय होते आणि ते वलय आल्माला दिसते. म्हणजे तेजस्वी वलय आणि काळा पट्टा ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत. त्या साचलेल्या वलयात पुढे आणखी ग्रह घडत असावेत, असाही एक विचार आहे.

हत्ती खांबाखाली यायला २०१८ साल उजाडले. नरतुरंग तारकासमूहात पीडीएस ७० नावाचा एक फिकट तारा आहे. अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे, वय चौपन्न लाख वर्षे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पण नरतुरंग दक्षिणेला असल्याने कुंभकोणमच्या गच्चीवरून तो भाग नाशिकपेक्षा अधिक वर दिसतो. या ताऱ्याच्या तबकडीत आतला फार मोठा भाग मोकळा आहे. चिलीतील मोठ्या दुर्बिणीने ताऱ्याचा प्रकाश झाकून त्या मोकळ्या भागाचे छायाचित्र घेतले, तेव्हा तेथे एक ठिपका दिसला. तो ग्रह होता, गुरूहून वजनदार, जन्माच्या उष्णतेने अजून तापलेला. पुढच्याच वर्षी दुसरा सापडला. पहिला ताऱ्यापासून आपल्या पृथ्वीच्या सुमारे वीसपट अंतरावर, दुसरा सुमारे चौतीसपट. २०२१ मध्ये दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची धुळीची लहानशी तबकडी दिसली. त्या धुळीतून कदाचित त्याचे चंद्र होतील. आणि २०२५ मध्ये विस्पिट २ या ताऱ्याभोवतीच्या दोन वलयांमधल्या मोकळ्या पट्ट्यातही असाच एक तरुण ग्रह दिसला.

पण दुसऱ्या दिवशीचा चिखलही मी विसरू इच्छीत नाही. २०१८ मध्ये आल्माने एकदम वीस तबकड्यांची चित्रे दिली. त्यांत वलये आणि पट्टे सर्रास आहेत. प्रत्यक्ष ग्रह मात्र अशा ठिकाणी मोजकेच दिसले आहेत. काही पट्टे चुंबकीय कारणांनी, काही ठराविक अंतरावर वायू गोठत असल्यामुळे पडत असतील, असे मानणारे अभ्यासक आहेत. आणि उलट बाजूची एक हकीकत तर प्रसिद्ध आहे. दक्षिण मत्स्य समूहातील फोमलहॉट हा ठळक तारा आपल्यापासून अवघा २५ प्रकाशवर्षे दूर. त्याच्याभोवतीच्या धुळीच्या कड्याजवळ एक ठिपका आढळला आणि २००८ मध्ये त्याला ग्रह म्हणून जाहीर केले गेले. पुढे तो ठिपका फिकट होत, पसरत गेला आणि दिसेनासा झाला. २०२० मध्ये निष्कर्ष निघाला की, तो ग्रह नसावा, दोन मोठ्या खडकांच्या टकरीतून उडालेला धुरळा असावा. त्यामुळे कोणाची नाचक्की झाली नाही. चूक सापडली ती आकाशाकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिल्याने.

आता आपल्या गुरूकडे येऊ. आपली धुळीची तबकडी साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच निघून गेली. मग तिच्यात गुरूने वाट मोकळी केली होती, याचा पुरावा कोठे शोधायचा? आकाशातून पडणाऱ्या दगडांत. १८५७ साली माझ्या आजोळच्या दक्षिणेला, मदुराईच्या परिसरात पर्नल्ली नावाने ओळखली जाणारी उल्का पडली. २०१७ साली जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे दुसरी पडली. पहिली साध्या दगडी वर्गातली, दुसरी काळी, कार्बनयुक्त वर्गातली. अशनींचे हे दोन वर्ग दिसायला वेगळे आहेत, पण भेद तेवढाच नाही. मॉलिब्डेनमसारख्या धातूंच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले की दोन्ही वर्ग स्वच्छ वेगळे पडतात. जणू दोन भिन्न कोठारांतून धान्य भरलेले असावे. २०१७ मध्येच म्युन्स्टर आणि लिव्हरमोर येथील संशोधकांनी दाखविले की, ही दोन कोठारे सूर्यमालेच्या पहिल्या दहा लाख वर्षांतच विभक्त झाली आणि पुढची दोन-तीन दशलक्ष वर्षे शेजारी शेजारी असूनही मिसळली नाहीत. मध्ये कोणीतरी दार लावले होते. त्यांच्या मते ते दार गुरूचे. एका दशलक्ष वर्षांच्या आतच गुरूचा गाभा पृथ्वीच्या वीसपट झाला होता आणि बाहेरचे खडे त्याच्या कडेपाशी अडू लागले होते. सर्वांना हे मान्य नाही. गुरूच्या आधीच तबकडीत दाबाचा उंचवटा होता, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. मला पहिले मत पटते, पण माझ्या पटण्याला येथे किंमत नाही.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे.

बाळ, मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये ग्रह झाला नाही, त्याचे मोठे कारण गुरू स्वतः आहे. तो सर्वांत आधी मोठा झाला. बाहेरून येणारी सामग्री त्याने बरीचशी अडवली असावी. जे थोडे तेथे होते, त्याला त्याच्या ओढीने इतके ढवळले की, खडक हळुवार भेटून चिकटण्याऐवजी जोराने आदळून फुटू लागले. पुष्कळसे त्या भागातून बाहेर फेकले गेले. आज तेथे लक्षावधी लघुग्रह आहेत, पण सगळे एकत्र केले तरी चंद्राच्या शंभरात तीनचार भाग वजन भरते. त्यांतला सर्वांत मोठा सेरेस, १८०१ च्या एक जानेवारीला सापडलेला, सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा. मंगळाचे वजन पृथ्वीच्या जेमतेम दशांश राहिले, त्यामागेही गुरूचा हात असावा, असे काहींचे म्हणणे आहे. गुरू पुढे आत सरकून परत फिरला, असेही एक गणित २०११ मध्ये मांडले गेले. त्यावर अजून वाद चालू आहे.

आणि गुरूचे हे काम थांबलेले नाही. लघुग्रहांच्या पट्ट्यातही ठराविक अंतरांवर मोकळ्या जागा आहेत. त्या डॅनियल कर्कवुड यांनी १८६६ मध्ये दाखवून दिल्या. गुरूच्या एका फेरीत ज्यांच्या नेमक्या तीन फेऱ्या होतात, त्या लघुग्रहांना गुरूचा हिसका पुन्हा पुन्हा ठराविक जागीच बसतो. आमच्या आजोळच्या मधल्या खोलीत लाकडी झोपाळा होता. प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी एक बोट लावले तरी तो तुळईपर्यंत जाई आणि आजीची कॉफी सांडे. या लघुग्रहांचेही तसेच होते. कक्षा लांबट होत जाते आणि शेवटी ते त्या जागेवरून निघून जातात.

माझी आजी दर गुरुपालटाला आलंगुडीला जाई आणि नातवंडांच्या नावाने हरभऱ्यांची माळ वाहत असे. गुरू कोणत्या राशीत आहे, यावर माझे मार्क अवलंबून नव्हते, हे मी तेव्हाही जाणून होते आणि आज मुलांना तसेच सांगते. पण आपल्या घडणीत गुरूचा वाटा आहे, एवढे आजीचे म्हणणे मी आता सरसकट खोडून काढीत नाही. पृथ्वीच्या वाट्याला कोणती धूळ यावी आणि किती यावी, यात त्याचा हात असण्याचा संभव मोठा आहे. फक्त ते काम साडेचार अब्ज वर्षांपूर्वी झाले आणि कोणाची पत्रिका पाहून झाले नाही.

ती विद्यार्थिनी आज या सभागृहात आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तिचे नाव मी मुद्दामच घेत नाही. हीरक महोत्सवी वर्षात आम्ही ग्रंथालयात एक जाड वही ठेवली आहे. मुलांनी त्यात प्रश्न लिहायचे, शिक्षकांनी उत्तर शोधून समोरच्या पानावर लिहायचे, आणि येत नसेल तर ‘येत नाही’ असे लिहून खाली सही करायची. आतापर्यंत सर्वाधिक ‘येत नाही’ माझ्या सहीचे आहेत. पहिल्या पानावरचा प्रश्न मी २००३ सालची तारीख घालून स्वतः लिहिला आहे. समोरचे उत्तर पेन्सिलीने लिहिले आहे.

येत्या डिसेंबरात गुरू रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास पूर्वेला, मघेच्या शेजारी उगवेल. माजी विद्यार्थी संघाने दिलेली दुर्बीण आम्ही त्या महिन्यातील दोन शनिवारी गच्चीवर लावणार आहोत. जिना अरुंद आहे, तेव्हा पालकांनी बॅटरी आणावी. मुलांना झोपेतून उठवून आणले तरी चालेल.